झुळूक नंबर बारा

रविवारी संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर दोन कागद होते, दोन पाकिटं होती आणि बाबांच्या नाकासमोर कागदाच्या दोन पातळ पट्ट्या होत्या. एका पट्टीला लिंबाच्या सालीचं तेल, दुसरीला पुदिन्याचं. दोन्ही पट्ट्या एकत्र धरून बाबा त्या पंख्यासारख्या हलवत होते आणि डोळे मिटून "हं... नाही. हं..." करत होते. घरात कुणी नवखा आला असता तर त्याने हळूच आईला विचारलं असतं, यांचं हे कधीपासून? पण बाबांचा धंदाच तो. हात धुण्याचे साबण बनवणाऱ्या कारखान्यात ते सुगंधपरीक्षक होते आणि त्यांच्या नाकावर अख्ख्या घराचं पोट चालायचं. म्हणून त्या नाकाचे लाड एखाद्या जावयासारखे होत. सकाळी दहापर्यंत घरात लसूण सोलायचा नाही, उदबत्ती नाही, पावडर नाही. पाहुण्यांनी अत्तर लावून यायचं नाही. आले तर गॅलरीत बसायचं.

कारखान्यात नव्या सुगंधाला 'झुळूक' म्हणायची पद्धत होती. झुळूक बनवण्याआधी बाबा तिचं स्वभावपत्रक लिहायचे. ते वाचून प्रयोगशाळेतले पिपेटकाका बाटल्या हलवायला घ्यायचे. पत्रकाचे नियम कडक होते. तेलांची नावं लिहायची नाहीत, साबण हा शब्द लिहायचा नाही, आणि झुळकीला नाव तर द्यायचंच नाही, कारण नाव दिलं की नाक पक्षपात करतं. घरात राहायला आलेल्या माणसाबद्दल लिहावं तसं लिहायचं. "माणूस कळला की वास कळतो," हे बाबांचं आवडतं वाक्य. ते ऐकू आलं की आई भांडी जरा जोरात घासायची.

यावेळची झुळूक, नंबर बारा, एका दातांच्या डॉक्टरांसाठी होती. त्यांच्या दवाखान्यातले पेशंट बाहेरच्या खोलीतूनच पळून जायचे. तिथल्या बेसिनवर ठेवायला त्यांना असं काहीतरी हवं होतं, की हात धुता धुता माणसाचा जीव थाऱ्यावर यावा. लिंबू हवं, पण ओरडणारं नको. पानांचा वास हवा, पण काढ्याची आठवण नको.

टेबलावरचा दुसरा कागद मात्र भोंग्यासाठी होता.

भोंगा म्हणजे बाबांची एकुलती एक मुलगी, नववीतली. गेल्या वर्षापर्यंत तिला घरात 'मूग' म्हणत, कारण ती कायम मूग गिळून बसलेली असे. वर्गात मागच्या बाकावर, लग्नात खांबामागे, फोटोत कुणाच्या तरी खांद्यामागे. मग वादविवाद स्पर्धेच्या दिवशी ठरलेल्या मुलीला ताप आला आणि बाईंनी हाताला लागेल तिला स्टेजवर ढकललं. हाताला लागली ती मूग. पाच मिनिटांची वेळ होती, ती नऊ मिनिटं बोलली. घंटा तीनदा वाजवली, शेवटी माइक काढून घेतला, तर ती माइकशिवाय बोलली. त्या दिवशी मुगाला जे कोंब फुटले ते फुटले. आता ती उठल्यापासून झोपेपर्यंत बोलायची, आणि आईच्या म्हणण्याप्रमाणे झोपेतही मुद्दे मांडायची.

तर या भोंग्याला शाळेच्या वाचनालयाची विद्यार्थिनी-प्रमुख व्हायचं होतं. खरं म्हणजे तिला किल्ली हवी होती. मुगाच्या काळात प्रत्येक मधली सुट्टी तिने त्याच खोलीत काढली होती, तिथलं पुस्तक न् पुस्तक तिला ठाऊक होतं. ही खोली आपली आहे हे जगाला पितळी किल्ली दाखवून सांगायचं, एवढंच तिचं स्वप्न. अर्जासोबत पालकांचं एक पत्र हवं होतं: पाल्याचा स्वभाव जसा आहे तसा लिहावा, निवड निःपक्षपाती व्हावी म्हणून पत्रात नाव लिहू नये, नाव फक्त पाकिटावर. आणि पाल्याने ते वाचू नये.

"बाबा, चांगलं लिहा हं."

"जसं आहे तसं लिहायचंय," बाबा डोळे न उघडता म्हणाले.

"जसं आहे तसं चांगलंच आहे."

"मग घाबरतेस कशाला? जा आता. तू जवळ असलीस की मला पुदिना ऐकू येत नाही."

ती गेली. बाबांनी दोन्ही कागद लिहिले, दोन्ही एकाच पिवळ्या वहीतून फाडलेले, दोन्ही बिननावाचे. मग ते गॅलरीत नाक मोकळं करायला गेले आणि जाता जाता आईला म्हणाले, "तेवढे पाकिटात घाल गं."

यानंतर काय झालं ते भोंग्याला चार दिवसांनी कळलं, पण वाचणाऱ्यापासून कशाला लपवायचं. आईने दोन्ही कागदांच्या पहिल्या दोन ओळी वाचल्या. एकात होतं: 'स्वभाव सौम्य. आल्याबरोबर लक्षात येतेच असं नाही.' दुसऱ्यात होतं: 'अजून मुरलेली नाही. दाराबाहेर असतानाच आत आल्यासारखी वाटते.' आईने व्यवहारी विचार केला. बाप आहे, पोरीचं कौतुकच करणार. दुसरा कागद म्हणजे त्या पिपेटवाल्याचा काहीतरी फसलेला प्रकार. सौम्य कागद शाळेच्या पाकिटात गेला, न मुरलेला कारखान्याच्या. दोन्ही पाकिटं तिने नीट चिकटवली, कडेने बोटसुद्धा फिरवलं.

मंगळवारी मोठ्या बाईंनी भोंग्याला बोलावलं. मोठ्या बाई, म्हणजे मुख्याध्यापिका, याच वर्षी नव्याने आल्या होत्या आणि वादविवादाचा तो ऐतिहासिक दिवस त्यांनी पाहिलेला नव्हता. भोंगा खुर्चीवर बसते न बसते तोच त्या उठल्या आणि त्यांनी खिडकीचा पडदा ओढला.

"ऊन लागत नाही ना तुला?"

"नाही बाई. मला तर ऊन..."

"वडिलांनी लिहिलंय. थेट उन्हात ठेवू नये."

भोंग्याने ओढलेल्या पडद्याकडे पाहिलं. हे तेच वडील, जे तिला भर दुपारी गच्चीवर कपडे वाळत घालायला पाठवत.

"आणि चार तासांनंतर तू जवळजवळ नाहीशी होतेस असंही म्हणतात. शाळा सहा तासांची आहे. पाचव्या तासाला नेमकं काय होतं तुझं?"

"पाचव्या तासाला गणित असतं, बाई."

"हं." बाईंनी काहीतरी टिपून घेतलं. "उग्र कुणाच्या शेजारी ठेवलं तर तू त्यांचे गुण घेतेस. सध्या शेजारी कोण बसतं?"

भोंग्याच्या शेजारणीने गेल्या महिन्यात कान दुखतात म्हणून जागा बदलून घेतली होती. "सध्या कुणी नाही," ती शक्य तितक्या हळू म्हणाली.

"कुणाच्या मध्ये येत नाहीस. घाबरलेल्या माणसाला धीर देतेस, पण तो दिलास हे त्याला कळूही देत नाहीस." बाईंनी चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं. "छान लिहितात तुझे वडील. कुठे असतात?"

"साबणाच्या कारखान्यात."

"असं. बरं, शुक्रवारपर्यंत रोज मधल्या सुट्टीत वाचनालयात बस. मग बघू."

बाहेर पडताना भोंग्याच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. बाबांनी डोकं लढवलं होतं. वाचनालय म्हणजे शांतता, शांततेला हवी शांत मुलगी, म्हणून बाबांनी तिला सौम्य करून टाकलं होतं. वर, नाजूक तब्येतीचं लोणीही लावलं होतं. केवढा हा बाप. आता आपलं काम एवढंच, की शुक्रवारपर्यंत बापाचा शब्द खाली पडू द्यायचा नाही.

रात्री जेवताना तिने बाबांकडे पाहून हळूच डोळा मारला. "कळलं मला, बाबा."

"काय कळलं?"

"काही नाही."

बाबांनी आईकडे पाहिलं. आईने खांदे उडवले. भोंग्याचं वाक्य दोन शब्दांत संपलं याचाच दोघांना धक्का बसला होता.

बुधवारपासून भोंगा झुळूक झाली. वाचनालयात ती चवड्यांवर चालायची. खुर्ची ओढायची नाही, उचलून ठेवायची. खोकला आला तर ओढणीत. बुधवारी सातवीतली एक मुलगी आली, मुख्यतः पंख्याखाली डबा खायला. डबा संपल्यावर तिने हात पुसत एक पुस्तक काढलं आणि मागची बाजू वाचू लागली. ते पुस्तक भोंग्याने पाच वेळा वाचलं होतं. त्यात दीपगृहाचा रखवालदार खोटा निघतो, आणि तो खोटा आहे हे फक्त त्याच्या मांजरीला माहीत असतं. भोंग्याच्या पोटात ती सगळी गोष्ट उकळी फुटल्यासारखी वर आली. पण कुणाच्या मध्ये येत नाही, असं बाबांनी लिहिलं होतं. तिने ओठ दाताखाली धरले. मुलीने पुस्तक उलटसुलट केलं, जांभई दिली, जागेवर ठेवलं आणि निघून गेली. भोंग्याच्या डोळ्यांत पाणी यायचं तेवढं बाकी होतं.

गुरुवारी तर पंख्यासाठीही कुणी आलं नाही. भोंगा एकटी बसून राहिली, आणि तिला जाणवलं की हे आपण आधी केलेलं आहे. चांगली तीन वर्षं केलेलं आहे. किल्ली मिळवायची म्हणजे परत मूग व्हायचं, असा हा सौदा होता तर.

त्या संध्याकाळी बाबा घरी आले ते एक घट्ट झाकणाचा डबा घेऊन. चेहरा पडलेला.

"पिपेटला काय झालंय कळत नाही," ते बूट काढत म्हणाले. "मी सौम्य लिहितो आणि तो बॉम्ब बनवतो. दोघं जण शिंकत बाहेर पळाले. वर मलाच म्हणतो, साहेब, तुम्ही लिहिलंत तसंच केलंय, उलट मी थोडं कमीच केलंय. बसमध्ये झाकण जरा सैल होतं तर माझ्या आजूबाजूच्या तीन सीट रिकाम्या झाल्या. उद्या दुपारी दातवाले डॉक्टर येणार आहेत. हे त्यांना हुंगवलं तर ते स्वतः पळून जातील."

"आणि मग?" भोंग्याने कुजबुजत विचारलं.

"आणि मग मालक म्हणतील, साहेब, तुमचं नाक थकलं."

त्यांनी टेबलावर डबा ठेवला आणि झाकण उघडून पट्टी बाहेर काढली. आधी आली संत्र्याची साल, कुणीतरी डोळ्यांजवळच पिळावी तशी. तिच्या पाठोपाठ आल्याचा ठसका, मग मिरी, मग परत संत्रं, जणू आधी सांगितलेलं पुरेसं ऐकलं नाही म्हणून. वास टेबलावरून उठला, खोली ओलांडून गेला आणि पडदा न हलवता स्वयंपाकघरात शिरला. तिथून आईचा आवाज आला, "भोंगे, आधी हातपाय धू, मग बोल."

भोंगा दोन दिवसांच्या सवयीने तोंड मिटून खुर्चीत बसली होती.

"अगं, मी काही बोललेच नाही," ती म्हणाली.

आई हात पुसत दारात आली. तिने लेकीकडे पाहिलं, मग पट्टीकडे, मग परत लेकीकडे. "मला वाटलं तू आत्ता आलीस."

बाबांनी पट्टी हळूहळू नाकाशी नेली. डोळे मिटले. बराच वेळ त्यांच्या चेहऱ्यावर काहीच हललं नाही. मग भुवया वर गेल्या.

"ही तर आपली भोंगा आहे," ते म्हणाले.

"बाबा."

"अगदी तीच. सकाळी सात ते आठची." त्यांनी पट्टी खाली ठेवली आणि आईकडे पाहिलं. "रविवारी तू कुठला कागद कुठल्या पाकिटात घातलास?"

आईने सांगितलं. आणि कोणत्या विचाराने घातला तेही सांगितलं. "मला काय माहीत? पोरीबद्दल इतकं खरं कोण लिहितं?"

भोंग्याने डोळे मिटले. थेट उन्हात ठेवू नये. चार तासांनी नाहीशी होते. पाचव्या तासाला गणित असतं, बाई. दोन दिवस ती दातांच्या दवाखान्यातल्या साबणासारखी वागत होती.

बाबांनी खिशातून पिवळा कागद काढला. पिपेटकाकांनी तो रागाने परत दिला होता, हे घ्या, तुमच्याच अक्षरात आहे, म्हणून. बाबांनी रागारागात न वाचताच तो खिशात कोंबला होता. आता तो भोंग्याच्या हातात होता.

'अजून मुरलेली नाही,' तिने वाचलं. 'दाराबाहेर असतानाच आत आल्यासारखी वाटते. एका खोलीत मावत नाही. थांबवायला गेलं तर वाढते. सकाळी सात ते आठ फार तीव्र, रिकाम्या पोटी जवळ जाऊ नये. शेजारी कुणालाही ठेवा, त्याला आपल्यासारखं करून सोडते.' तिने वर पाहिलं. बाबा छताकडे बघत होते. 'पूर्वी ही बाटली बंद होती. आता उघडली आहे. बूच शोधू नये. दोन तास धीर धरला तर तळाशी काहीतरी फार हळवं सापडतं, पावसात चुरगळलेल्या पानासारखं. तेवढा धीर सगळ्यांना नसतो. ही नसली की घर स्वच्छ वाटतं, आणि ते बरं वाटत नाही.'

भोंगा काही बोलली नाही. आईने घड्याळाकडे पाहिलं.

"बरी आहेस ना गं?" ती म्हणाली.

"मी सकाळी शाळेत येतो," बाबा म्हणाले, "आणि सांगतो, की चूक आमची."

"नको. तुम्ही आधी पिपेटकाकांना खरं पत्रक द्या. दुपारपर्यंत झुळूक व्हायला हवी."

"ते मला पाठ आहे. सकाळी सात वाजता त्याच्या दारात उभा राहून लिहून देतो. पण तुझ्या किल्लीचं काय?"

"हा कागद घेऊन मीच जाते. जशी आहे तशी."

"हे वाचून किल्ली देतील असं वाटतं तुला?" आईने विचारलं.

"नाही," भोंगा म्हणाली. "पण साबण म्हणून मला ती नकोच."

झोपायला जाताना ती टेबलापाशी थांबली. पट्टी अजून तिथेच पडली होती. तिने वाकून हुंगली. संत्रं ओसरलं होतं, मिरी दमली होती. अगदी खाली लिंबाच्या कोवळ्या सालीचा आणि पुदिन्याच्या ओल्या देठाचा एक मंद वास उरला होता. तो हुंगायचा तर श्वास अगदी हळू घ्यावा लागत होता. घड्याळात पाहिलं तर बरोबर दोन तास झाले होते.

शुक्रवारी ती मोठ्या बाईंच्या खोलीत शिरली आणि एका दमात सगळं बोलून मोकळी झाली. कारखाना, झुळूक, दातांचे डॉक्टर, आई, पाकिटं. बाईंनी दोनदा हात वर केला, पण कागदावर लिहिलंच होतं, थांबवायला गेलं तर वाढते. शेवटी तिने तो पिवळा कागद टेबलावर ठेवला आणि म्हणाली, "ही मी आहे. आधीचा साबण होता."

बाईंनी कागद वाचला. एकदा, मग परत एकदा. मग त्यांनी खण उघडला, उमेदवारांच्या नावांची यादी काढली आणि तिच्यासमोर सरकवली. भोंग्याच्या नावापुढे फुली होती. तिच्याखाली मंगळवारची तारीख.

"मंगळवारीच?" भोंग्याचा आवाज आज पहिल्यांदाच बारीक झाला.

"अगं, असून नसल्यासारखी मुलगी घेऊन मी काय करू? तशी चार कपाटं आहेत माझ्याकडे. वाचनालयात शांतता नाही अशी माझी तक्रार कधीच नव्हती. तिथे कुणी येतच नाही ही तक्रार आहे. बुधवारी ती सातवीतली मुलगी पुस्तक ठेवून निघून गेली आणि तू बघत बसलीस. मी दाराच्या काचेतून पाहत होते."

"बाई, मी ओठ चावत होते. त्यातला रखवालदार खोटा असतो आणि फक्त त्याच्या मांजरीला..."

"मला सांगू नकोस, मी वाचणार आहे."

"मग फुली मारून आजपर्यंत बसवलंत कशाला?"

"फुली पेन्सिलची आहे." बाईंनी खोडरबर शोधायला घेतला. "त्या पत्रातल्या मुलीने पाचव्या तासाला गणित असतं असं उत्तर दिलं नसतं. काहीतरी जुळत नव्हतं. पण काय, ते कळेना."

त्यांनी फुली खोडली, कण फुंकरीने उडवले आणि खणातून पितळी किल्ली काढून तिच्या तळहातावर ठेवली. भोंग्याने आभार मानले. ते शेजारच्या कार्यालयात लेखनिकांनाही ऐकू गेले आणि त्यांनी तिथून "असू दे, असू दे" म्हटलं.

ती दारापर्यंत पोचली तेव्हा मागून हाक आली. बाईंच्या हातात आता पहिला कागद होता, आणि त्या चष्मा वर करून तो परत वाचत होत्या.

"कुणाच्या मध्ये येत नाही. घाबरलेल्याला धीर देते. पंधरा मिनिटांत शांत होते." त्यांनी वर पाहिलं. "वडिलांना विचारशील का, हिची अजून कुठे सोय झाली नसेल तर शिक्षकांच्या खोलीत एक जागा आहे. बेसिनपाशी."